पहिल्या हत्याराचा मान

कुळगीच्या अलीकडची वाडी, सुपे पेटा
वैशाख वद्य द्वितीया, शके १८३३

प्रिय पार्वती,

हे पत्र तुझ्या हातात म्हादू भावजी देतील, माझे धाकटे दीर. फेट्याच्या घडीत खोचून आणतील, तेव्हा कागदाला घामाचा वास येईल. नाक मुरडू नकोस. त्यांच्यासोबत माझी सासूही असेल. दोघांना ओसरीवर बसव, गूळपाणी दे, आणि कागद घेऊन तू आत चुलीपाशी जा. मोठ्यानं वाचू नकोस, आईलासुद्धा वाचून दाखवू नकोस. तिनं विचारलं तर सांग की आक्का बरी आहे, गाय व्यालीय, कालवड झालीय. चेहरा तेवढा सांभाळ. लहानपणापासून तुझ्या मनातलं सगळं तुझ्या तोंडावर उमटतं, आणि आज मला नेमकं त्याचंच भय वाटतंय.

खानापुरात तुमच्या कानावर काय काय गेलं असेल देव जाणे. कुणी म्हणत असेल बायजानं दरोडेखोर लोळवले, कुणी म्हणत असेल बायजा खुनी निघाली. दोन्ही थोडं थोडं खरं आहे. आमच्या घरात शिरलेला एक माणूस मेला आणि त्याच्या खुनाची आरोपी मी आहे. बाईमाणूस आणि पदरात लहान पोर म्हणून मला जामिनावर घरी सोडलंय. ज्येष्ठ लागला की कारवारला मोठ्या न्यायाधीशापुढं उभं करतील. तिथं मी काय बोलायचं ते वाडीनं माझ्याकडून घोकून घेतलंय, आपण शाळेत कविता घोकायचो तसं. मारलं ते मीच मारलं, सगळे वार माझेच, तेव्हा तिथं दुसरं कुणी नव्हतं. तसं बोलले तर माझा जन्म गेला. नाही बोलले तर वाडीतल्या निम्म्या घरांतले कर्ते पुरुष गेले, त्यांत तुझे दाजीही आले. तुला पहिल्यापासून सांगते, म्हणजे शेवटी मी जे मागणार आहे ते तुला खुळ्यासारखं वाटणार नाही.

आमची वाडी तू पाहिली नाहीस. माझ्या लग्नाच्या वेळी तू स्वतःच सासरी होतीस, आणि विधवा होऊन परत आल्यावर आईनं तुला उंबऱ्याबाहेर कुठं सोडलंय. इथं घरं विखुरलेली, हाकेच्या अंतरावर एकेक. प्रत्येकाच्या दारात आपापलं भाताचं खाचर आणि खाचराच्या पलीकडं लगेच रान. कुलूप कुणाच्याच दाराला नाही. नागू गावकर हा वाडीतला मोठा माणूस, तो बोलला की बाकीचे माना डोलावतात. वाईट माणसं आहेत असं मी म्हणणार नाही. माझ्या बाळंतपणात ह्याच लोकांनी मला डोलीत घालून पुराच्या काळी नदीतून सुप्याला नेलं होतं. म्हणून तर पुढचं लिहायला हात जड होतो.

शिगम्यात एक दिवस सगळे गडी मिळून शिकारीला जातात. रानाचा रखवालदार त्या दिवशी मुद्दाम दुसऱ्या बाजूला फिरतो. आदल्या दिवशी हत्यारं देवळात पूजेला ठेवतात, भाले, कोयते, नागू गावकराची ठासणीची बंदूक. शिकार झाली की तीच हत्यारं रक्त न पुसता परत देवीपुढं आणून ठेवायची. कोरं हत्यार देवीपुढं ठेवायचं नाही. ठेवलं तर त्या वर्षी भाताला पाऊस मिळत नाही आणि गुरं वाघ नेतो, अशी इथल्या लोकांची खात्री आहे. वाटपाचाही नियम आहे. जनावर पडलं की ते थंड होण्याआधी ज्यानं ज्यानं हत्यार लावलं त्या प्रत्येकाला वाटा. पण जनावर धरायचं पहिल्या हत्याराचं. ज्याचा वार पहिला त्याची शिकार, त्यालाच डोकं आणि त्यालाच नारळाचा मान. लग्नानंतरच्या पहिल्या शिगम्याला मला हे सगळं फार आवडलं होतं. तुझ्या दाजींनी भेकराचं डोकं घरी आणलं होतं आणि मी ते शिजवून सगळ्यांना रस्सा वाढला होता.

यंदा देवीचा चांदीचा मुखवटा आमच्या घरी होता. शिगम्यात तो पाळीपाळीनं एकेका घरी वस्तीला असतो. रानात लाकूड कापायला गुत्तेदारानं आणलेल्या माणसांना हे ठाऊक असणारच, कारण मुखवटा वाजतगाजत आणला तेव्हा तेही रस्त्याकडेला हात जोडून उभे होते. आणि शिकारीच्या दिवशी वाडीत एकही गडी नसतो हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. त्या दुपारी मी मागच्या पडवीत हळद कांडत होते. तारा पुढच्या दारात एकटीच खेळत होती. सासू शेजारच्या घरी गप्पा मारायला गेली होती. दोन माणसं अंगणात आली, पाणी मागितलं. मी गूळ दिला, पाणी दिलं. एकानं पाणी पिऊन तांब्या नीट पालथा घातला, तेव्हा मला वाटलं, चांगल्या घरचा दिसतो. मी परत मुसळाशी गेले. थोड्या वेळानं ताराचा आवाज आला, तोही अर्धाच.

मुसळ हातात तसंच घेऊन आत गेले तर तांब्या पालथा घालणारा माझ्या लेकीला काखेत दाबून उभा, एक हात तिच्या तोंडावर, दुसऱ्या हातात कोयता. त्याचा सोबती देवघरात उचकाउचक करत होता. मुखवटा मी कणगीत भाताखाली पुरून ठेवला होता, म्हणून त्याला सापडत नव्हता. कोयतेवाला म्हणाला, "देवीचं चांदीचं कुठं हाय ते सांग, न्हाईतर पोर गेली समज." मी सांगितलं. लगेच सांगितलं, पार्वती. चांदीपायी पोर घालवणारी मी नाही, मग ती चांदी देवीची का असेना. पण ऐकूनही त्यानं ताराच्या तोंडावरचा हात काढला नाही. तिचे पाय आधी झाडत होते, मग झाडायचे थांबले. त्याला त्याचं भानही नव्हतं, त्यानं मान वळवली आणि सोबत्याला कणगी दाखवू लागला. मी मुसळ त्याच्या डोक्यात घातलं. खाली लोखंडी कडं आहे त्याला. तो कोसळला, पोर सुटली, आणि पडल्यापडल्या त्यानं कोयत्याकडं हात नेला तेव्हा मी त्याच्या खांद्यावर दुसरा घाव घातला. हाड मोडल्याचं माझ्या हाताला कळलं. सोबत्यानं ते बघितलं आणि रिकाम्या हातानं समोरच्या बांबूच्या बेटात पळाला.

ह्यात मला कशाचंही वाईट वाटत नाही. लोक विचारतात, बाई, हात कसा उचलला. त्यांनी ताराचं तोंड बघायला हवं होतं. पोर काळीनिळी पडली होती, पाठीवर थापट्या मारमारून मी तिचा श्वास परत आणला. उद्या कुणी परत तिच्या तोंडावर हात ठेवला तर मी परत मुसळ घालीन, आणि न्यायाधीशाच्या तोंडावर हेच सांगीन. देवाधर्माच्या नावानं रडत बसणारी मी कधीच नव्हते, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

पण तो मेला नव्हता. हे तुला खानापुरात कुणी सांगणार नाही, कारण ते सांगायचं नाही असं ठरलंय. मी ताराला छातीशी धरून माजघरात बसले होते, आणि तो एका हातावर सरपटत अंगणात गेला, तुळशीपर्यंत. डोक्यातून रक्त येत होतं आणि त्यात माझी हळद माखली होती. तिथं पडून "नीरू, नीरू" करत राहिला. कानडीत पाणी मागत होता. मला दया आली नाही, खोटं कशाला लिहू. पण मागणाऱ्याला पाणी द्यावं एवढं आईनं शिकवलंय, म्हणून मी तांब्या भरून बाहेर गेले. तेवढ्यात सासू आली. तिनं सगळं बघितलं, काय झालं ते ऐकलं, माझ्या हातातला तांब्या घेतला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तुळशीच्या बुडाशी ओतला. अगदी सावकाश ओतला, धार त्याला दिसेल अशी. मग रिकामा तांब्या माझ्या हातात देऊन म्हणाली, "गडी येऊ देत."

तुला आठवतं, शाळेची घंटा चोरायला आलेला तो भुरटा? आपले आबा त्या घंटेवर किती जीव टाकायचे. त्यांनी त्याला पकडून खांबाला बांधला होता आणि आपण दोघी त्याला बघायला गेलो तर आबा त्याला स्वतःच्या हातानं भाकरी भरवत होते, कारण हात सोडले तर तो पळाला असता. मधूनमधून एक चपराक, परत एक घास. आपण किती हसलो होतो. त्या दिवशी अंगणात बसून मला तेच आठवत होतं आणि वाटत होतं, दाजी आले की तसंच काहीतरी करतील, शिव्या घालतील, बांधतील, सुप्याच्या चौकीवर नेतील.

शिकार मिळाली की रानातूनच ढोल वाजत येतात. त्या दिवशी ढोल वाजले नाहीत. ऊन कलल्यावर गडी आले ते घामेजलेले, एकमेकांवर चिडलेले. दिवसभर रान तुडवून ससासुद्धा मिळाला नव्हता, सगळी हत्यारं कोरी. अंगणात येऊन त्यांनी तो माणूस बघितला आणि माझं सगळं ऐकून घेतलं. तुझ्या दाजींनी ताराला उचललं, तिच्या गालांवर उठलेली बोटं बघितली. तेव्हाच रागाच्या भरात त्यांनी त्याला मारलं असतं, तर मी आज माझ्या जिवावर उदार होऊन त्यांना वाचवलं असतं. पण राग कुणालाच आला नाही. नागू गावकर उकिडवा बसला, त्या माणसाच्या नाकाशी हात धरला आणि म्हणाला, "जित्ता हाय. थंड न्हाई झाला अजून." मला वाटलं, वैद्याकडं न्यायचं म्हणतोय. इतकी मी खुळी. मग तो उठला आणि म्हणाला, "रानात न्हाई दिली देवीनं, दारात दिली," आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. खरंच उजळले, पार्वती. कोरी हत्यारं घेऊन देवळात जायची नामुष्की टळली होती.

घरधनी म्हणून तुझे दाजी पहिले. त्यांनी पोर माझ्या कडेवर दिली आणि भाला उचलला. मग बाकीचे, एकामागून एक, प्रसादाला उभे राहतात तसे रांगेत. कुणी घाई केली नाही, कुणी ओरडलं नाही. प्रत्येकानं आपलं हत्यार लावलं आणि बाजूला झाला. जोरानंही मारत नव्हते, कारण मागच्याची पाळी येण्याआधी तो थंड व्हायला नको होता. हे वाक्य पाहिजे तर परत वाच. म्हादू भावजी, जे आत्ता तुझ्या ओसरीवर गूळ चघळत बसलेत, ते रांगेत शेवटी होते आणि पुढच्यांना विचारत होते, "माझ्यापतुर ऱ्हाईल न्हवं?" त्यांच्यापर्यंत राहिला तो. बंदूक झाडली तर आवाज लांब जाईल म्हणून नागू गावकरानं तिची नळी नुसती रक्तात बुडवून घेतली. तोवर त्या माणसाचे डोळे माझ्याकडं होते. एवढ्या लोकांत त्याला मीच का दिसत होते कुणास ठाऊक. माझ्या एका हातात अजून तो तांब्या होता, त्यामुळं असेल.

मग ढोल वाजले. हत्यारं देवळात गेली, आणि परत येऊन नागू गावकरानं सगळ्यांसमक्ष माझ्या पदरात नारळ घातला. पहिलं हत्यार बायजाचं, असं मोठ्यानं म्हणाला. बाईला हा मान वाडीत कधी मिळाला नव्हता. सासूनं मला ओवाळलं. मुलगा होत नाही म्हणून मला येताजाता टोचणारी बाई, तिनं माझ्या पायांवर पाणी घातलं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. समोर मढं पडलेलं असताना मला बरं वाटलं. तो नारळ मी संध्याकाळी खवून आमटीत घातला आणि आम्ही सगळे पोटभर जेवलो.

पुढं जे व्हायचं तेच झालं. पळालेला सोबती बांबूच्या बेटातच दडून बसला होता, त्यानं सगळं बघितलं होतं. सुप्याजवळ तो सापडला आणि सगळं सांगून मोकळा झाला. हल्याळचा फौजदार वाडीत आला. पण चोराच्या शब्दाला किंमत किती. फौजदारानं विचारलं, कुणी मारलं, तर सगळ्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं. त्यांच्या हिशेबानं ते खोटं बोलतच नव्हते, शिकार पहिल्या हत्याराची. म्हादू भावजी तर म्हणायला लागले होते, "वार समद्यांचे असतील सायेब, पर ते जनावर हिचं," तेवढ्यात नागू गावकरानं त्यांच्या पायावर पाय दिला. मीही हो म्हणाले. पोलीस पाटलानं कानात सांगितलं होतं की लेकराला वाचवायला आईनं मारलं तर कायदा तिला हात लावत नाही, तू हो म्हण, तूही सुटशील आणि गडीही सुटतील. मला ते पटलं. त्यात मानही होता आणि शहाणपणही. पण हल्याळच्या डॉक्टरनं मढं तपासून लिहिलंय की मुसळाचे घाव दोनच, बाकीचे सगळे भाल्याकोयत्याचे, आणि तेही माणूस आडवा पडल्यानंतरचे. त्यामुळं पाटलाचं शहाणपण पाण्यात गेलं.

मागच्या आठवड्यात कारवारचा वकील घरी येऊन गेला. तुझे दाजी, म्हादू भावजी आणि नागू गावकर त्याच्याशी ओसरीवर बोलत होते. मी विहिरीवर ताराचं डोकं धूत होते. ओसरीवरचं बोलणं विहिरीवर ऐकू येतं हे पुरुषांना कधी कळलेलं नाही. वकील म्हणाला, बाईचे दोन घाव माफ होतील, शंभर टक्के माफ होतील. पण बाकीचे वार माफ होण्यातले नाहीत. ते जो आपल्या अंगावर घेईल त्याला दोर नाहीतर काळं पाणी. बाईनं घेतले तर बाईला. तुम्ही खरं बोललात तर ती सुटेल आणि तुम्ही अडकाल, आता काय ते तुम्ही ठरवा. मी ताराच्या डोक्यावर पाणी ओतायची थांबले आणि वाट बघत बसले. वाटलं, आता काहीतरी बोलतील, निदान एक उसासा तरी टाकतील. मग तुझ्या दाजींनी विचारलं, "निकाल कवा लागंल? पेरणीच्या आत घरात बाई पायजे."

मी ताराचं डोकं धुऊन पुरं केलं, पुसलं, वेणी घातली. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही, उतरू नये असंच मला वाटतंय. तुझ्या बांगड्या फोडल्या तेव्हा तुझे हात मी धरले होते आणि तू मला रक्त येईस्तोवर ओरबाडलं होतंस, आठवतं? तुझ्या त्या रागाचा अर्थ मला आता कळतोय. काळ्या पाण्याला जायची माझी तयारी होती गं. ताराला बाप राहावा, घर राहावं, म्हणून मी सगळे वार पदरात घेतले होते, कुणी जबरदस्ती केली नव्हती. तुझ्या दाजींनी नुसतं एकदा माझ्याजवळ येऊन म्हटलं असतं की बायजे, तुझ्यावर फार मोठं ओझं टाकतोय, तर मी हसत गेले असते. त्यांनी म्हटलं नाही. त्यांना पेरणी दिसतेय. त्या दिवसापासून मी रोज त्यांना वाढते, त्यांचं अंथरूण घालते, घोकलेलं त्यांना म्हणून दाखवते, आणि ते खूष आहेत की बायको पाठांतराला हुशार निघाली.

आता हे पत्र कशाला ते सांगते. हे मी आपणहून लिहीत नाही, मला लिहायला बसवलंय. सासू समोर फणसाच्या आठळ्या सोलतेय आणि मधूनमधून विचारतेय, "येवढं काय लिवतीस गं?" मी म्हणते, तुमच्या घराची थोरवी लिहितेय, तिला जागा लागते. तिला वाटतंय मी तुला विनवतेय की माझ्यामागं माझं घर सांभाळ, माझ्या नवऱ्याशी पाट लाव, विधवेला असं स्थळ परत चालून येणार नाही. वाचून दाखव म्हणाली तर तेवढंच वाचून दाखवीन, वाडीत अक्षर ओळखणारं कुणी नाही. त्यासाठीच ती दोघं नारळ घेऊन तुझ्या दारात आलीत, आणि तू त्यांना हो म्हण. दचकू नकोस, नीट ऐक. नाही म्हणालीस तर त्यांना संशय येईल, आणि कारवार गाठण्याआधीच बायजा पाय घसरून विहिरीत पडली असं तुम्हाला कळेल. हो म्हण, लाज, मान खाली घाल आणि एकच अट घाल, की पोरीला आधी माझी सवय होऊ दे, खटल्याच्या आत ताराला खानापुरी आणून सोडा, तरच मी त्या घरात पाऊल टाकीन. ते आनंदानं आणून सोडतील, मुलगीच आहे ती, आणि पेरणीच्या कामाची नाही. तारा इथून निघाली की मी मोकळी. कारवारला सगळे गडी येणार आहेत साक्षीला, नवे फेटे बांधून, मी पाठ केलेलं नीट म्हणते की नाही ते ऐकायला. कचेरीच्या ओसरीवर सगळे एका जागी बसलेले असतील आणि दारात पोलीस असेल. न्यायाधीशानं विचारलं की मी आधी माझे दोन घाव सांगेन आणि मग रांगेत जो जसा उभा होता तसं एकेकाचं नाव घेईन. चोराची जबानी आणि डॉक्टरचा कागद माझ्या शब्दाशी जुळेल. बायकोनं नवऱ्याचं नाव चारचौघांत घेऊ नये म्हणतात, मी झिलू हे नाव भर कचेरीत घेणार आहे आणि सगळ्यांत आधी घेणार आहे. हा कागद आता चुलीत घाल, डोळे पूस, आणि हसतमुखानं बाहेर जाऊन नारळ घे. दोर त्याच्या गळ्यात पडला की मी तुझ्यासारखीच मोकळ्या गळ्यानं आईच्या दारात येऊन उभी राहीन. आईला म्हणावं, उद्यापासून भाकरीचं पीठ जास्तीचं दळत जा.

तुझीच, आणि आता फक्त तुझीच,
बायजाआक्का